जमाती आणि त्यांचे मुलूख : विद्याशाखांचा एक नकाशा तपासताना

काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात परीक्षक म्हणून बसण्याचा योग आला. नववीतल्या एका मुलीने आपल्या आणि आसपासच्या चार गावांतली धान्य मोजण्याची जुनी मापे गोळा केली होती. चिपटे, मापटे, शेर, अधोली, पायली. कोणत्या गावात पायलीचे किती शेर धरत, सपाट माप कोठे आणि शिगोशीग माप कोठे, हे तिने म्हाताऱ्या माणसांकडून विचारून लिहून आणले होते. नाव एकच असले तरी माप एकच नसते, हे तिच्या ध्यानात आले होते. आमच्या हातातल्या छापील तक्त्यात रकाने होते ते असे : उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष. ‘साहित्य’ या रकान्यात तिने लिहिले होते, ‘वही, पेन, आजी-आजोबा’. सहपरीक्षक हसले. ‘छान आहे, पण यात प्रयोग कुठे आहे?’ असे म्हणून त्यांनी गुण कापले.

पलीकडच्या टेबलावर एक मुलगा गणित घेऊन उभा होता. कोणतीही संख्या घ्या, तिच्या वर्गात तीच संख्या मिळवा, वर आणखी ४१ मिळवा. येणारे उत्तर नेहमी मूळ संख्याच असते, असे त्याचे म्हणणे. शून्यापासून ३० पर्यंत सगळ्या संख्या त्याने तपासल्या होत्या. तक्ता नेटका, एकतीस निरीक्षणे, आणि खाली निष्कर्ष : ‘हा नियम सर्व संख्यांना लागू आहे.’ रकाने सगळे भरले होते. त्याला दुसरा क्रमांक मिळाला. हे उदाहरण ऑयलरच्या काळापासून गणितात प्रसिद्ध आहे आणि ते ४० या संख्येला मोडते : १६०० अधिक ४० अधिक ४१ म्हणजे १६८१, आणि १६८१ म्हणजे ४१ गुणिले ४१. मला त्या क्षणी ते आठवले नाही. त्या गुणपत्रकावर माझीही सही आहे.

एकाच तक्त्याने दोघांवर अन्याय केला. मुलीकडे जे नव्हते ते मागितले, आणि मुलाने जे सिद्ध केलेले नव्हते त्याला सिद्ध म्हणून शिक्का दिला. हे का झाले, याचा विचार करताना टोनी बेकर या ब्रिटिश शिक्षणशास्त्रज्ञाचे ‘अकॅडेमिक ट्राइब्ज अँड टेरिटरीज’ हे पुस्तक पुन्हा उघडले. १९८९ साली ते निघाले आणि २००१ साली पॉल ट्राउलर यांच्या साहाय्याने त्याची सुधारलेली आवृत्ती आली. विद्यापीठांतल्या विद्याशाखा म्हणजे वेगवेगळ्या जमाती, आणि ज्ञानाचे प्रांत म्हणजे त्यांचे मुलूख, अशी ही कल्पना. पुस्तक चांगले आहे. पण त्यातला नकाशा आपल्या ओळखीच्या जमिनीवर ठेवून पाहिला तर काही ठिकाणी तो फाटतो, आणि तो कोठे फाटतो हे शिक्षकाने पाहण्यासारखे आहे.

या विषयाची चर्चा बहुधा सी. पी. स्नो यांच्यापासून सुरू होते. स्नो हे भौतिकशास्त्र शिकलेले कादंबरीकार. १९५९ साली केंब्रिजमध्ये दिलेल्या व्याख्यानात त्यांनी साहित्यिक आणि वैज्ञानिक अशा दोन संस्कृतींमध्ये दरी पडल्याची तक्रार केली. साहित्यातल्या विद्वानांना उष्मागतिकीचा दुसरा नियम सांगता येत नाही, हा त्यांचा टोला फार गाजला. १९६२ साली एफ. आर. लीव्हिस या समीक्षकाने त्यांच्यावर जहरी टीका केली. आपल्याकडेही ‘दोन संस्कृती’ हा शब्दप्रयोग भाषणांतून पुष्कळ वापरला गेला आहे. दहावीनंतर मुलांची ‘सायन्स’ आणि ‘आर्ट्स’ अशी वाटणी करण्याची सवय अंगी मुरलेल्या समाजाला तो सोयीचा वाटला यात नवल नाही. पण दोन हा आकडा आला कोठून? गणिती आणि वनस्पतिशास्त्रज्ञ हे एका संस्कृतीत, आणि वकील व भाषाशास्त्रज्ञ दुसऱ्या, ही वाटणी कोणत्याही महाविद्यालयाच्या शिक्षकखोलीत तासभर बसले तरी खोटी ठरते.

बेकर यांनी नेमके तेच केले. ते बसले आणि त्यांनी ऐकले. ब्रिटन आणि अमेरिकेतल्या बारा विद्याशाखांमधल्या दोनशेवर प्राध्यापकांशी त्यांनी सविस्तर बोलणी केली. भौतिकी, जीवशास्त्र, रसायन, गणित, अभियांत्रिकी, औषधनिर्माण, इतिहास, कायदा, समाजशास्त्र, अर्थशास्त्र, भूगोल, आधुनिक भाषा. तुम्ही काय शोधता, याच्याबरोबरच तुमच्यात चांगले काम कशाला म्हणतात, भांडणे कशावरून होतात, तरुण माणसाला आत कसे घेतले जाते, हेही त्यांनी विचारले. या प्रश्नांमुळे पुस्तक कोरडे राहिलेले नाही.

त्यांचा सर्वांत वेधक भाग स्तुतीच्या शब्दांविषयीचा आहे. भौतिकशास्त्रज्ञ चांगल्या कामाला सुबक म्हणतो, काटकसरीचे म्हणतो. इतिहासकार म्हणतो, यात विषयावर हुकमत दिसते. समाजशास्त्रज्ञाची पसंती ‘पटण्याजोगे’, ‘विचाराला चालना देणारे’ अशा शब्दांना. इतिहासाच्या ग्रंथाला ‘सुबक’ म्हटले तर लेखक बहुधा गोंधळेल. बांधणीची स्तुती केली की हाताशी पुरावा नाही असे सुचवले, हे त्याला कळणार नाही. कोणत्या गोष्टीला दाद मिळते यावरून ती जमात पुराव्याला काय मानते ते उघड होते, आणि नवा विद्यार्थी हे शब्द पाठ्यपुस्तकातून शिकत नाही. गुरुजींच्या तोंडून येता-जाता ऐकून शिकतो.

दुसरी कल्पना ‘नागरी’ आणि ‘ग्रामीण’ मुलखांची. आपल्याकडे ‘ग्रामीण’ म्हटले की अनुदान, मागासलेपण असले अर्थ चिकटतात. ते येथे सोडून द्यावेत. बेकर एवढेच मोजतात की एका प्रश्नामागे माणसे किती. नागरी मुलखात प्रश्न थोडे आणि गर्दी फार. सगळे एकाच दारात उभे, म्हणून घाई, चढाओढ, गटाने काम, आणि लहान लहान निबंध. डीएनएच्या रचनेवरचा वॉटसन व क्रिक यांचा १९५३ सालचा निबंध पानभराहून थोडासाच मोठा होता. शर्यत चालू असताना ग्रंथ कोण लिहीत बसेल? ग्रामीण मुलखात जमीन अफाट आणि माणसे विरळ. प्रत्येकाचे शेत वेगळे, दुसरा कोणी आपल्या आधी पीक कापून नेईल ही भीती नाही. काम एकट्याने, वर्षानुवर्षे, आणि त्याचे फळ म्हणजे जाडजूड ग्रंथ. आपल्याकडे याचे उत्तम उदाहरण इतिहासाचार्य राजवाडे. वाड्यांच्या माळ्यांवर आणि तळघरांत पडलेली दप्तरे हुडकत गावोगाव हिंडायचे, आणि ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचे बावीस खंड काढायचे. पहिला खंड १८९८ सालचा.

याला जोडून बेकर विद्याशाखांचे चार कप्पे करतात. ही वाटणी अँथनी बिग्लन यांनी १९७३ साली मांडलेल्या वर्गीकरणावरून घेतली आहे : कठोर शुद्ध (भौतिकी), मृदू शुद्ध (इतिहास), कठोर उपयोजित (अभियांत्रिकी), मृदू उपयोजित (शिक्षणशास्त्र, कायदा). कप्पे लक्षात ठेवायला सोपे. माझी खरी तक्रार येथूनच सुरू होते.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार झाली. १९१९ साली काम सुरू झाले आणि १९६६ साली संहिता पूर्ण झाली. १२५९ हस्तलिखिते तपासली गेली. एकेका श्लोकासाठी आखलेले तक्ते, त्यांवर वरती आधारासाठी निवडलेला पाठ आणि खाली प्रत्येक पोथीतला वेगळा पाठ. हे काम करणाऱ्यांचे गट पुण्यात होते, शांतिनिकेतनात होते, तंजावरलाही होते. पोथ्यांची कुळे लावायची, कोणती पोथी कोणत्या पोथीवरून उतरली असेल ते सामायिक चुकांवरून ठरवायचे, आणि कोणत्याही संपादकाला आवडला म्हणून पाठ घ्यायचा नाही, असे नियम. ही शिस्त बसवणारे प्रमुख संपादक विष्णु सीताराम सुकथनकर केंब्रिजला गणित शिकलेले होते, हे सांगितले की शिक्षक मान डोलावतात. संस्कृत ही बेकरांच्या हिशेबी मृदू आणि ग्रामीण विद्या. पण येथे सत्तेचाळीस वर्षे चाललेली, श्रमविभागणी असलेली, नियमांनी बांधलेली एक मोठी प्रयोगशाळाच दिसते. सुकथनकर १९४३ साली वारले. काम बेलवलकरांनी आणि पुढे प. ल. वैद्यांनी चालवले. एकट्याचे शेत असते तर ते त्यांच्याबरोबर पडीक झाले असते.

उलट टोक पाहा. गणित ही कठोरातली कठोर विद्या. पण अँड्रू वाइल्स यांनी फर्माच्या शेवटच्या प्रमेयावर सात वर्षे जवळजवळ गुपचूप, एकट्याने काम केले. १९९३ साली सिद्धता जाहीर झाली, तीत भगदाड सापडले, ते रिचर्ड टेलर यांच्या मदतीने बुजवले गेले आणि १९९५ साली सिद्धता छापून आली. राजवाड्यांच्या भटकंतीशी या माणसाचे नाते भौतिकशास्त्रज्ञांपेक्षा जवळचे वाटते. आणि भौतिकीत काय घडले? हिग्ज कणाच्या वस्तुमानाविषयी २०१५ साली निघालेल्या निबंधाला ५१५४ लेखक आहेत. तेहेतीस पानांपैकी नऊ पानांत संशोधन आणि उरलेल्या चोवीस पानांत लेखकांची व संस्थांची यादी. या दोघांना ‘कठोर शुद्ध’ या एकाच कप्प्यात घालून आपण नेमके काय शिकलो?

बेकर याला उत्तर देतील की मोठी शाखा म्हणजे अनेक लहान उपशाखांचा समूह असतो, आणि तसे त्यांनी म्हटलेही आहे. परंतु मग जमात कोणती, आणि मुलूख कोणाचा? पुस्तकाचे नाव ज्या उपमेवर उभे आहे तीच येथे सैल पडते. सीमा ओलांडणाऱ्या माणसांपाशी तर ती अगदीच अपुरी पडते, आणि असा एक माणूस आपल्या फार जवळचा आहे.

दामोदर धर्मानंद कोसंबी १९०७ साली गोव्यात कोसबे येथे जन्मले, हार्वर्डला शिकले, पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवत होते आणि १९४५ पासून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. संख्याशास्त्राचा अभ्यास करावा म्हणून त्यांनी हाताला येईल असे साहित्य निवडले : प्राचीन आहत नाणी. या चांदीच्या नाण्यांवर राजाचे नाव नाही, साल नाही, नुसते ठसे. कोसंबींचा विचार असा. टाकसाळीतून नाणी जवळपास सारख्या वजनाची निघतात. हातोहाती फिरताना प्रत्येक नाणे झिजते, आणि सगळी सारखी झिजत नाहीत. म्हणून काळ जाईल तसे सरासरी वजन उतरते आणि नाण्यानाण्यांतला फरक वाढतो. त्यांनी आधी चलनातली आधुनिक नाणी तोलून हे खरे होते का ते तपासले. मग तक्षशिलेच्या साठ्यांतली नाणी अचूक तराजूवर एकेक करून तोलली, आणि वजनांवरून ठशांचा आगेमागे क्रम लावला. इतिहासाच्या दप्तरात तराजू आला. हाच माणूस भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती काढतो (१९४८), १९४४ सालच्या एका निबंधात जनुकांमधले अंतर काढण्याचे असे सूत्र देतो की आनुवंशिकीचे अभ्यासक आजही ते त्यांच्या नावाने वापरतात, आणि १९५६ साली भारतीय इतिहासाच्या अभ्यासाला नवे वळण देणारा ग्रंथ लिहितो.

असा माणूस पाहिला की वाटते, सीमा बिमा सगळे थोतांड. पण याच कोसंबींच्या आयुष्यात सीमा खरी असल्याचा पुरावाही आहे, आणि आपले लेखक बहुधा तो टाळून पुढे जातात. रीमान यांचे अनुमान हे गणितातले सर्वांत प्रसिद्ध न सुटलेले कोडे. कोसंबींनी १९५९ साली संभाव्यतेच्या मार्गाने त्याची सिद्धता मिळाल्याचा दावा केला, आणि तो निबंध कृषिसंख्याशास्त्राच्या एका नियतकालिकात छापला. गणितज्ञांनी तो मानला नाही. नाण्यांच्या बाबतीत ‘असे असण्याची शक्यता फार मोठी’ इथपर्यंत पोचणे म्हणजे विजय होता. त्याहून अधिक इतिहासात मागायचेही नसते. मूळ संख्यांच्या बाबतीत तेवढ्यावर काहीच मिळवले जात नाही. या अनुमानासाठी संगणकांनी आजवर काही लाख कोटी शून्यबिंदू तपासले आहेत, सगळे अनुमानाप्रमाणेच निघाले, तरी ते अजून अनुमानच आहे. प्रदर्शनातल्या त्या मुलाची एकतीस निरीक्षणे आणि ही लाख कोटी निरीक्षणे गणिताच्या दारात सारखीच उभी राहतात. बेकर यांच्या उपमेत जे खरे आहे ते हे : मुलखात हवे तेव्हा जाता येते, पण तेथले नाणे तेथलेच चालते.

पुस्तकाचा दुसरा मोठा दोष असा की विद्यार्थी त्यात फारसा दिसत नाही. मुलाखती प्राध्यापकांच्या, त्याही बहुतांशी संशोधनात नाव कमावलेल्या विभागांतल्या. पण जमातीचे संस्कार होतात ते विद्यार्थिदशेत, आणि विद्यार्थ्यांच्या कामातली विविधता प्राध्यापकांच्या कामाहून कमी नाही. वनस्पतिशास्त्राची विद्यार्थिनी फांदी दाबून, वाळवून, कागदावर चिकटवते आणि कोपऱ्यात स्थळ, तारीख, उंची, फुलाचा रंग लिहिते. कारण वाळल्यावर रंग राहत नाही. वैद्यकाचा विद्यार्थी खाटेपाशी उभा राहून रोग्याची हकीकत काढतो, आणि ‘दुखते’ या एका शब्दाचे दहा प्रश्न करतो. कायद्याचा विद्यार्थी अभिरूप न्यायालयात आज वादीची बाजू मांडतो, उद्या त्याला प्रतिवादीची द्यावी लागते. विज्ञानाच्या मुलाला हे लबाडीचे वाटेल. इतिहासाचा विद्यार्थी मोडी वाचायला शिकतो आणि पहिले सहा महिने त्याच्या हाती चार ओळी लागतात. रसायनाचे जर्नल मात्र त्याच मुदतीत दोनदा भरून होते. या सगळ्यांना एकाच सत्रात, एकाच नमुन्यात ‘प्रकल्प अहवाल’ द्या म्हणणे सोपे आहे. रकाने भरण्याची कला विद्यार्थी लवकर शिकतात. त्याबद्दल त्यांना दोष देता येत नाही.

विद्यार्थ्यांचे काम म्हणजे केवळ सराव, असेही समजू नये. कानपूरच्या आयआयटीत नीरज कयाल आणि नितीन सक्सेना या दोघांनी बी. टेक.च्या प्रकल्पासाठी एक प्रश्न घेतला : एखादी संख्या मूळ आहे की नाही हे झटपट आणि खात्रीने कसे ओळखावे. पदवीनंतरच्या उन्हाळ्यात आपले शिक्षक मणींद्र अग्रवाल यांच्यासह त्यांनी तो सोडवला. ऑगस्ट २००२ मध्ये नऊ पानांचा निबंध बाहेर आला आणि जगभरच्या गणितज्ञांनी काही दिवसांत तो तपासून मान्य केला. निबंधावर तिघांची नावे आडनावांच्या वर्णक्रमाने आहेत, कारण गणितात तशीच रीत आहे. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत शेवटचे नाव प्रमुखाचे असते. तेथे हाच क्रम वेगळा अर्थ सांगेल.

ही रीत किरकोळ वाटेल. पण विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली प्राध्यापकांच्या संशोधनाला गुण देण्याचे जे कोष्टक जाहीर केले त्यात दोनाहून अधिक लेखक असल्यास पहिल्या अथवा मुख्य लेखकाला ७० टक्के आणि इतरांना ३० टक्के गुण ठेवले होते. वर्णक्रमाने नाव लावणाऱ्या जमातीत याचा अर्थ काय होईल? आडनाव बदलावे? त्याच कोष्टकात विज्ञानाच्या शोधनिबंधाला ८ गुण, भाषा व समाजशास्त्रांच्या निबंधाला १०, म्हणजे शाखांमधला फरक आयोगाच्या लक्षात आला होता. आणि भारतीय प्रकाशकाने काढलेल्या अख्ख्या ग्रंथाला? १०. संपादित ग्रंथाला ८. राजवाड्यांची बावीस खंडांची पायपीट आणि सुकथनकरांचे आदिपर्व या मापाने मोजून पाहावे. डेक्कन महाविद्यालयात १९४८ साली सुरू झालेल्या संस्कृत कोशाचे तिसाहून अधिक खंड निघाले आणि ते अजून ‘अ’ या अक्षरातच आहेत. तेथे काम करणाऱ्या तरुणाने दरवर्षी काय दाखवावे? बेकरांचे पुस्तक आपल्याकडच्या अधिकाऱ्यांनी वाचायला हवे होते असे मला वाटते ते यासाठी. कप्पे सैल असतील, पण निदान सगळीकडे एकच पायली चालत नाही एवढे तरी त्यातून कळते.

पायलीवरून पुन्हा त्या मुलीकडे येतो. प्रदर्शन आटोपल्यावर सामान आवरताना तिची वही मी सवडीने चाळली. शेवटच्या पानावर, कोणत्याच रकान्यात बसत नसल्यामुळे तक्त्यात न लिहिलेली एक नोंद होती. एका गावातल्या दोन म्हाताऱ्यांनी तिला स्वतंत्रपणे सांगितले होते की त्यांच्या लहानपणी धान्य व्याजाने देणाऱ्याच्या घरी दोन पायल्या असत. देताना लहान काढत, परत घेताना मोठी. त्याखाली तिने लिहिले होते : ‘दोघेही एकमेकांशी बोलत नाहीत, म्हणून खरे असावे. तिसऱ्या कोणाला विचारायचे राहिले.’